आफ्रिकेच्या खेड्यातला पाहुणा मास्तर



पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात शिक्षकाला ‘म्वालिमु’ म्हणतात. हा शब्द तिकडे इतका मानाचा समजला जातो, की त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे यांना लोक अखेरपर्यंत ‘म्वालिमु’ याच नावाने संबोधीत. न्येरेरे हे मूळचे शाळामास्तर. टबोरा आणि पुगू येथील शाळांत त्यांनी शिकविले. १९५५ साली राजकारणासाठी त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे १९६२ पासून १९८५ पर्यंत राष्ट्राध्यक्षपद सांभाळले. राज्यकारभाराच्या धकाधकीतही शेक्सपिअरचे ‘ज्यूलिअस सीझर’ त्यांनी स्वाहिली भाषेत उतरविले. थोर पदे त्यांच्याकडे आली आणि गेली. टिकली ती मास्तरकी. अशा देशाविषयी माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला आपुलकी वाटावी यात नवल नाही.

‘म्वालिमु’ हा शब्द मूळचा अरबी. ज्या धातूपासून आपल्याकडे ‘तालीम’ हा शब्द आला, त्याच धातूपासून हाही झाला आहे. तिकडची मुले गणिताला ‘हेसाबु’ म्हणतात, वहीला ‘दफ्तारी’, लेखणीला ‘कलामु’ आणि लाखाला ‘लाकी’. हिशेब, दप्तर, कलम आणि लाख यांना आपल्या मुलांना कोणी नव्याने ओळख करून द्यावयास नको. एकाच मोसमी वाऱ्याच्या बळावर गलबते दोन्ही किनाऱ्यांना लागत, आणि मालाबरोबर शब्दांचीही उतारपेठ होत असे. तेव्हा आफ्रिका म्हणजे अरण्य, हिंस्र श्वापदे आणि अज्ञान, असे जे चित्र आपल्या मनात लहानपणापासून बसलेले असते, ते आजच्या भाषणापुरते तरी आपण बाजूला ठेवू या.

आज मला बोलावयाचे आहे ते आफ्रिकेच्या खेड्यांत स्वखुषीने शिकवावयास जाणाऱ्या माणसांविषयी. अलीकडे सुशिक्षित घरांतील तरुण मुलामुलींच्या मनात ही कल्पना वारंवार येऊ लागली आहे. माझ्याकडेही दोन-तीन घरांतून विचारणा झाली. “गुरुजी, मुलगी आफ्रिकेत शिकवायला जायचे म्हणते, पाठवावी का?” असा आईवडिलांचा प्रश्न. त्यात काळजी असते, थोडा अभिमान असतो, आणि पोर उगाच वर्ष वाया घालवील ही भीतीही असते. या प्रश्नाला एका शब्दात होकार किंवा नकार देता येत नाही. म्हणून तो जरा सविस्तर पाहण्याचे मी योजिले आहे.

माझा अधिकार किती, हे आधीच सांगून टाकतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. सारा जन्म जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांत गेला. समुद्र काही मी ओलांडलेला नाही. परंतु माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे पदवीधर होऊन टांझानियाच्या डोडोमा प्रांतातील एका खेड्यात, माध्यमिक शाळेत दोन वर्षे गणित शिकवून आली. तिची लांबलचक पत्रे मला येत. त्या पत्रांनी माझी जिज्ञासा जागी झाली, आणि मग मिळेल ते वाचून मी त्यात भर घातली.

पहिला प्रश्न असा, की तेथे मास्तरांची गरज खरोखरच आहे काय? आहे, आणि ती का उत्पन्न झाली हे समजून घेण्यासारखे आहे. मलावी देशाने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली आणि केनियाने २००३ साली प्राथमिक शिक्षणाची फी माफ केली. फी उठताच मुलांचा लोंढा शाळेत आला. केनियात पटावरील संख्या सुमारे ५९ लाखांवरून एकदम सुमारे ७२ लाखांवर गेली. मलावीत तर ती एका वर्षात सुमारे १० लाखांनी वाढली, आणि सुमारे २० हजार अप्रशिक्षित माणसांना थोड्या दिवसांची तोंडओळख करून देऊन वर्गावर उभे करावे लागले. केनियातील एल्डोरेट येथे किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा २००४ साली गणवेश घालून पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. शाळेचा दरवाजा उघडला तेव्हा बाहेर किती माणसे किती वर्षे ताटकळत उभी होती, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे. मारुगे २००९ साली वारले; मृत्यूपर्यंत त्यांची शिकण्याची हौस फिटली नव्हती.

मुलांचा लोंढा एका दिवसात येतो. मास्तर मात्र एका दिवसात तयार होत नाही. इमारत वर्षात उभी राहते, फळा आठवड्यात रंगविता येतो. पण मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला समजले की नाही हे ओळखणारा मनुष्य घडावयास पाच-सात वर्षे लागतात. टांझानियात २००४ नंतर जवळजवळ प्रत्येक विभागात माध्यमिक शाळा काढण्याची मोठी मोहीम झाली. गावकऱ्यांनी विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. शाळा झाल्या, परंतु गणिताला आणि शास्त्राला शिक्षक मिळेनात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला २०३० सालापर्यंत आणखी सुमारे दीड कोटी शिक्षक लागतील, असा युनेस्को या जागतिक संस्थेचा हिशेब आहे. दीड कोटींची उणीव बाहेरून येणारे काही हजार पाहुणे भरून काढतील, असे कोणी समजू नये. पण ज्या एका वर्गाला वर्षभर गणिताचा मास्तरच नाही, त्या वर्गाच्या दृष्टीने एक माणूस म्हणजे सर्व काही असते. पाहुण्याने या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या: आपण सागरातले थेंब आहो, आणि समोरच्या वर्गाला तोच थेंब हवा आहे.

आता खेड्याकडे वळू. डोडोमाचा मुलूख कोरडा. पाऊस वर्षातून एकदा, तोही लहरी. शेतात ज्वारी आणि बाजरी. रानात गोरखचिंचेची अवाढव्य झाडे. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्याच पत्रात लिहिले होते, “गुरुजी, येथे आल्यावर परदेशी आल्यासारखे वाटत नाही, माण-खटावात आल्यासारखे वाटते.” मुले पहाटे उठून मैलोगणती चालत येतात. कोणाच्या हातात पुस्तक, कोणाच्या हातात शाळेसाठी आणलेली पाण्याची घागर. वर्गात गेल्यावर मुले उभी राहून ‘शिकामो’ म्हणतात, आणि शिक्षकाने ‘मराहाबा’ असे उत्तर द्यावयाचे. ‘मी आपले पाय धरतो’ अशा अर्थाच्या शब्दांपासून ‘शिकामो’ झाला, असे सांगतात. वडील माणसाला हे अभिवादन केल्याशिवाय तेथे बोलण्यास आरंभ होत नाही. पाहुण्याने हे शब्द शिकून घेतले तर अर्धे गाव आपले होते. न शिकता थेट कामाचे बोलू लागला तर तो कितीही विद्वान असो, उद्धट ठरतो.

आणखी एक गंमत. स्वाहिली भाषेत घड्याळाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात वाजले की तेथे ‘पहिला तास’ झाला. आठ म्हणजे ‘दुसरा’. शाळा दुसऱ्या तासाला भरते असे ऐकून नवखा मनुष्य बुचकळ्यात पडतो, आणि आपले सहा तासांचे अंतर त्याला रोज मनात वजा करावे लागते. आपल्या वाडवडिलांनाही घटका सूर्योदयापासूनच मोजाव्या लागत, हे आठवले म्हणजे ही पद्धत विचित्र वाटत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने जवळजवळ एकाच वेळी उगवतो. तेथे दिवस त्याच्यापासून मोजणे हेच अधिक सयुक्तिक म्हणावयाचे.

परंतु पाहुण्या मास्तराची खरी कसोटी लागते ती भाषेच्या उंबरठ्यावर. टांझानियात १९६७ पासून सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम स्वाहिली झाले. माध्यमिक शाळेचे माध्यम मात्र इंग्रजीच राहिले. डोडोमाकडच्या खेड्यात घरची भाषा आणखी निराळी, ती चिगोगो. म्हणजे मूल आईजवळ एक भाषा बोलते, प्राथमिक शाळेत दुसरी शिकते आणि माध्यमिक शाळेच्या पहिल्या दिवशी तिसऱ्या भाषेत बीजगणिताला सामोरे जाते. आपल्याकडे भिल्लाचे किंवा कातकऱ्याचे मूल मराठी पुस्तक हाती घेते तेव्हा त्याची जी अवस्था होते, तीच ही. फक्त एक पायरी अधिक.

माझी विद्यार्थिनी इंग्रजीत शिकवी आणि शेवटी विचारी, “समजले का?” सारा वर्ग एका सुरात “होय” म्हणे. तिने दुसऱ्याच आठवड्यात तो प्रश्न विचारणे बंद केले. एका मुलाला फळ्याजवळ बोलावून तेच उदाहरण शेजाऱ्याला स्वाहिलीत समजावून सांग, असे ती सांगू लागली. मुलगा बोलू लागला की कोठे अडतो ते तिला कळे, भाषा अर्धवट कळत असली तरी. पुढे शाळेतील एका स्थानिक शिक्षकाच्या तासाला ती मागच्या बाकावर बसू लागली. इंग्रजी सूत्र आणि स्वाहिली स्पष्टीकरण यांची सांगड तो कशी घालतो, हे तिने त्याच्याकडून उचलले. आणि भूमितीतील काही प्रमेयांच्या सिद्धता त्याने तिच्याकडून घेतल्या. तिच्या दोन वर्षांतील सर्वांत मोलाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हे मागचे बाक दाखवीन. पाहुणा वर्गापुढे उभा राहिला म्हणजे वर्गाला एक वर्ष मिळते. तो सहकाऱ्याशेजारी बसला म्हणजे शाळेला पुष्कळ वर्षे मिळतात.

त्या मुलांविषयी ‘गणितात कच्ची’ असा शेरा वरून आलेला होता. तीच मुले सुटीत झाडाखाली ‘बाओ’ खेळत. हा पूर्व आफ्रिकेतील जुना खेळ. लाकडी पाटावर आठ-आठ खळग्यांच्या चार ओळी, एकूण ३२ खळगे आणि ६४ बिया. मूठभर बिया उचलून एकेका खळग्यात पेरीत जावयाचे आणि शेवटची बी कोठे पडेल याचा अंदाज आधीच बांधावयाचा. दहा-बारा वर्षांची पोरे हा हिशेब डोळ्यांनीच करीत, आणि आमची पदवीधर बाई हरत असे. शाळेतल्या शेऱ्याने ज्यांना कच्चे ठरविले, त्यांना झाडाखाली पक्के होताना पाहणे, हा मास्तराच्या शिक्षणाचा भाग आहे. तिने बेरीज, वजाबाकी आणि बाकी राहणारा भागाकार त्याच पाटावरून शिकविला.

एक अवघड गोष्टही तिने लिहिली होती. त्या शाळेत तेव्हा छडी चालू होती. उशिरा आले, मारा. उत्तर चुकले, मारा. तिला ते सहन होईना. परंतु आल्या आल्या सहकाऱ्यांना उपदेश करावा, तर ‘ही कालची पोर आम्हाला शिकविणार’ असे होणार. तिने छडी आपल्या वर्गात आणली नाही आणि दुसऱ्याच्या वर्गावर टीका केली नाही. वर्षाअखेर मुख्याध्यापकांनी होऊन विचारले, “तुमच्या तासाला गडबड कशी होत नाही?” मग ती बोलली. विचारल्यावर दिलेले उत्तर कानात शिरते. न विचारता दिलेले दारातूनच परत येते. आमच्या पिढीच्या मास्तरांना छडीचा इतिहास नवा नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांना नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला तरी नाही.

या बाबतीत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मार्च १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवकांची संघटना स्थापन केली. तिची पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी घाना देशाची राजधानी अक्रा येथे विमानातून उतरली. पन्नासएक तरुण-तरुणी होत्या, बहुतेक माध्यमिक शाळांत शिकविण्यासाठी आलेल्या. विमानतळावर उभे राहून त्यांनी घानाचे एक देशभक्तिपर गीत त्वी भाषेत म्हटले. उच्चार कसे होते कोण जाणे, पण परक्यांच्या तोंडी आपली भाषा ऐकून लोकांची मने जिंकली गेली. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की घानाने शिक्षक मागितले होते. स्वतः एकेकाळी शिक्षक असलेले एन्क्रुमा त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते आणि शिक्षणाचा झपाट्याने विस्तार चालला होता. पाहुणे बोलावणे आल्यावर गेले, आणि तेथील मुख्याध्यापकांच्या हाताखाली कामास लागले.

त्यानंतर दोन महिने झाले नाहीत तोच, ऑक्टोबर १९६१ मध्ये, नायजेरियात याच संघटनेवर मोठा प्रसंग ओढवला. इबादान येथील महाविद्यालयात शिक्षकाचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका अमेरिकन तरुणीने घरच्या स्नेह्याला एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात तेथील गरिबीचे आणि राहणीचे वर्णन होते. लोक रस्त्यावर राहतात, रस्त्यावर स्वयंपाक करतात, अशा स्वरूपाचे. कार्ड टपालात पडण्याऐवजी वाटेत पडले आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याच्या प्रती निघाल्या, सभा झाल्या, या सर्व पाहुण्यांना परत पाठवा अशी मागणी झाली. नायजेरिया स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या तरुणीने क्षमा मागितली आणि ती मायदेशी परत गेली.

त्या मुलीच्या मनात दुष्टावा होता, असे मला वाटत नाही. नव्या ठिकाणी गेलेले कोणतेही मूल घरी असेच लिहील. पण त्या विद्यार्थ्यांचा संतापही मला कळतो. जो मनुष्य वर्गात माझ्यापुढे ‘तुम्ही उद्याचे नागरिक’ म्हणतो, तो माझ्या पाठीमागे माझ्या घराचे वर्णन कोणत्या शब्दांत करतो, हे जाणण्याचा मला हक्क आहे. आज पोस्टकार्ड राहिले नाही. प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा दूरध्वनी आहे, आणि एका क्षणात फाटक्या सदऱ्यातले मूल साऱ्या जगापुढे उभे करता येते. माझी सूचना साधी आहे. जे लिहाल, जे चित्र काढाल, ते त्या मुलाच्या आईला दाखविता येईल असे असावे. तिला दाखविताना हात आखडला, तर ते घरीही पाठवू नये.

येथवर मी परदेशी पाहुण्यांविषयी बोललो. पण खेड्यात पाहुणा म्हणून जावयास परदेशी असावेच लागते असे नाही. सोमालियाचे उदाहरण घ्या. सोमाली भाषेला अधिकृत लिपी नव्हती. २१ ऑक्टोबर १९७२ रोजी तेथील सरकारने रोमन लिपी स्वीकारल्याचे जाहीर केले. प्रथम सरकारी नोकरांना ती ठराविक मुदतीत शिकावी लागली. मग ऑगस्ट १९७४ मध्ये माध्यमिक शाळा एक वर्षासाठी बंद करून सुमारे २५ हजार विद्यार्थी आणि शिक्षक उंटांच्या तांड्यांमागे फिरणाऱ्या धनगरांना वाचावयास शिकविण्यासाठी रानोमाळ पाठविण्यात आले. प्रत्येकाजवळ एक कांबळे, पाण्याचे भांडे आणि घडीचा फळा. तांडा हलला की शाळाही हलावयाची.

ही सेवा काही निव्वळ स्वखुषीची नव्हती. हुकूमशाही सरकारचा तो आदेश होता, हे विसरता कामा नये. तरीही तेथे जे घडले ते मोलाचे आहे. शहरातली मुले ज्यांना अक्षर शिकवावयास गेली, त्या धनगरांच्या जिभेवर शेकडो ओळींची काव्ये पाठ होती. सोमाली समाजात कवीचा मान फार मोठा. आपल्याकडे जात्यावर ओव्या रचणाऱ्या माउलीला ‘निरक्षर’ म्हणताना जीभ अडखळते, तशी त्या मुलांचीही अडखळली असेल. त्यातच भयंकर अवर्षण पडले. सोमाली लोक त्याला ‘दाबाधेर’, म्हणजे ‘लांब शेपटीचे’, म्हणतात. जनावरे मेली, लोक देशोधडीला लागले. आणि अक्षरे शिकवावयास गेलेली मुले दुष्काळी छावण्यांतील कामाला लागली. पुढे १९९१ साली ते सरकार कोसळले, यादवी माजली, शाळा उद्ध्वस्त झाल्या. मग त्या खटाटोपाचे राहिले काय, असे कोणी विचारील. लिपी राहिली. सोमाली माणूस आज जगात कोठेही असो, घरी पत्र लिहितो ते त्याच अक्षरांत. इमारती पडल्या, हुकूम विरले. माणसाच्या हातात जे गेले होते तेवढे टिकले.

आता थोडे कटू बोलतो. हल्ली दोन आठवड्यांची, चार आठवड्यांची ‘सेवा’ निघाली आहे. पाहुणा भरपूर पैसे भरतो. मध्यस्थ त्याला एखाद्या खेड्यातल्या शाळेत नेऊन सोडतो. स्थानिक शिक्षक खुर्ची सोडून व्हरांड्यात उभा राहतो. पाहुणा मुलांना इंग्रजीत एक ते दहा आकडे शिकवितो, गाणे म्हणवून घेतो, छायाचित्रे काढतो आणि डोळे पुसत निघून जातो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो आणि पुन्हा एक ते दहा. मुले शहाणी असतात; ती दर वेळी नव्याने शिकल्यासारखे दाखवितात. यात पाहुण्याचे समाधान होते, मध्यस्थाची तुंबडी भरते, आणि वर्गाचा अभ्यासक्रम मात्र महिनाभर मागे पडतो. यास विद्यादान म्हणता येत नाही.

तेव्हा, ज्या आईवडिलांनी मला विचारले त्यांना मी चार प्रश्न मुलांपुढे ठेवावयास सांगतो. पहिला, तुम्हाला बोलावले कोणी? शाळेने, तेथील शिक्षणखात्याने, की केवळ मध्यस्थाच्या जाहिरातीने? दुसरा, किती दिवस? टांझानियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. पहिल्या दिवशी हजर राहून वार्षिक परीक्षेपर्यंत टिकण्याची तयारी नसेल तर जाऊ नये. तिसरा, वर्गात तुमच्या शेजारी कोण असेल? स्थानिक शिक्षकाला बाजूला सारून त्याची जागा घ्यावयाची असेल, तर नको. चौथा, तुम्ही परतल्यावर तेथे काय उरेल? तुमच्या नावाची पाटी उरणार असेल तर त्याला फारशी किंमत नाही. शिकविण्याची एखादी नवी रीत तेथल्या माणसांच्या हाती उरणार असेल तर खुशाल जा. मच्छरदाणी आणि हिवतापाचे औषध यांची चौकशी मागाहून करता येते. या चार प्रश्नांची आधी केली पाहिजे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आपल्याच मेळघाटात, आपल्याच नंदुरबारात मुले शिक्षकावाचून आहेत. मग सातासमुद्रापार कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण पुष्कळदा तो करणारा मेळघाटातही जात नाही आणि आफ्रिकेतही जात नाही. माझे उत्तर निराळे आहे. ज्याने येथे एक वर्ष तरी खेड्यात शिकविलेले नाही, त्याने तिकडे जाऊ नये. कारण परक्याच्या मुलांवर हात बसविण्याचा आपल्याला अधिकार नाही. प्रथम आपल्या आश्रमशाळेत एक वर्ष काढा. तेथे भाषा न समजणारे मूल, गळके छप्पर आणि अपुरी पुस्तके यांची ओळख होईल. त्यानंतरही जावेसे वाटले तर तो ध्यास खरा. माझी विद्यार्थिनी याच वाटेने गेली होती.

आणि जाणाऱ्याने तेथे कोणाला भेटावयाचे आहे, हेही ओळखून असावे. केनियातील नाकुरू परगण्यात प्वानी नावाचे खेडे आहे. तेथील केरिको माध्यमिक शाळेत पीटर तबिची हे शास्त्र शिकवीत. आपल्या वेतनाचा बहुतेक भाग ते गरीब विद्यार्थ्यांसाठी खर्च करीत. २०१९ साली जगातील उत्तम शिक्षकाचे दहा लाख डॉलरांचे पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२० साली, ते पारितोषिक सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाले, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम यादीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. एक वर्ष केनियाचे खेडे, दुसऱ्या वर्षी माढा तालुक्यातले. जगातल्या उत्तम मास्तरांचा शोध या दोन वर्षी खेड्यांतल्या साध्या शाळांपाशी येऊन थांबला. पाहुण्याने अशा माणसांच्या हाताला हात लावावयाचा आहे. त्यांचा उद्धार करावयाचा नाही.

न्येरेरे यांनी १९६७ साली आपले शिक्षणविषयक धोरण मांडले, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की खेड्यातील बहुसंख्य मुलांचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपते; तेव्हा ती शाळा पुढच्या शाळेची केवळ पायरी नसावी, तर स्वतःच्या पायावर उभे करणारी असावी; शाळेला शेत असावे, हाताला काम असावे. वर्ध्याला १९३७ साली ‘नई तालीम’ची चर्चा झाली तेव्हा असेच विचार आपल्याकडे घोळत होते. दोन्हीकडे ही योजना पूर्णपणे साधली नाही. दोन्हीकडचे आईबाप म्हणाले, आमच्या मुलाला कुदळ नको, लेखणी द्या. त्यांचेही चूक नव्हते. या एका प्रश्नावर डोडोमाचा मास्तर आणि विदर्भाचा मास्तर संध्याकाळभर बोलत बसतील, आणि दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे सापडेल.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्ही धान्यांची पहिली शेती आफ्रिका खंडात झाली. हजारो वर्षांपूर्वी ती तेथून आपल्याकडे आली, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या भाकरीवर आपल्या घाटावरची आणि कोकणातली खेडी जगली, तिचे बी तिकडच्या अनाम शेतकऱ्यांनी निवडून तयार केलेले आहे. तेव्हा आपले कोणी तिकडे चार अक्षरे घेऊन गेले, तर त्याने दाता म्हणून जाऊ नये. जुने ऋण असलेल्या घरी माणूस ज्या नम्रतेने पायरी चढतो, त्या नम्रतेने जावे. पहिल्या दिवशी ‘शिकामो’ म्हणावे, वर्षभर नेमाने शिकवावे, आणि निघताना वर्गाच्या किल्ल्या तेथल्याच मास्तराच्या हाती द्याव्या.

अशा रीतीने जाणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या घरात असेल, तर तिला अडवू नका, एवढेच माझे आईवडिलांना सांगणे आहे.